होडी नसून भांडे

"वहिनी, त्या म्हातारीच्या काईलीत पाय ठेवू नका. ती फुकट कुणाला बसवून घेत नाही. माणसाला कामाला लावते ती."

हे मला शेजारच्या आण्णांनी आमच्या फाटकाशी उभं राहून, दात घासता घासता सांगितलं होतं. अठ्ठ्याण्णव सालचा ऑक्टोबर होता. आण्णा म्हणजे निवृत्त ओव्हरसियर. आमच्या पाण्याच्या टाकीचा उतार, माझ्या मुलीची गुटी, गॅलरीतल्या तुळशीची दिशा, सगळ्यावर त्यांचा सल्ला तयार असे. त्यामुळे हाही सल्ला मी त्या गठ्ठ्यात ठेवून दिला. शिवाय त्यांच्या तोंडाला पेस्टचा फेस आला होता. फेसातून आलेला इशारा कोण मनावर घेतं?

ज्यांच्याकडे ऊस नाही त्यांच्यासाठी सांगते. काईल म्हणजे गुऱ्हाळात रस आटवायची कढई. कढई म्हटल्यावर शिऱ्याची डोळ्यांपुढे आणू नका. ही आठ फूट रुंद, मांडीएवढी खोल, तळाला सपाट, आणि उचलायला चार बाजूंना चार लोखंडी कड्या. आमच्या कोल्हापूर भागात गुऱ्हाळ बंद पडलं किंवा नदीला पूर आला की लोक ती पाण्यात ढकलतात आणि आत बसून पलीकडे जातात. यात कुणाला काही विशेष वाटत नाही. मला वाटलं, कारण मी काळजी करणारी बाई आहे.

तेव्हा श्रुती दहा महिन्यांची होती. ती रडली की मला काळजी वाटायची, आणि रडली नाही की त्याहून जास्त. पहाटे साडेचारला तिचा श्वास चालू आहे का ते बघायला मी उठायची, तो नेहमी चालूच असायचा, आणि त्यानंतर मला झोप यायची नाही. मग मी गच्चीवर जाऊन कळंब्याचा तलाव बघत उभी राहायची. त्या वेळी तलाव पाण्याचा वाटत नाही. कुणीतरी आभाळाची घडी करून खाली ठेवली आहे आणि अजून उलगडली नाही, असं वाटतं. पलीकडून थोड्या थोड्या वेळानं जेलच्या पहाऱ्याचा टोला पडतो, त्याचा आवाज पाण्यावरून सरपटत येतो आणि आपल्या पायाशी थांबतो.

अशाच एका पहाटे मला पाण्यावर काहीतरी काळं, गोल दिसलं. वर एक आकृती. मी प्रसेनजीतला, म्हणजे नवऱ्याला, हलवून उठवलं.

"तलावात बॉडी आहे."

तो गच्चीवर आला. डोळे चोळून त्यानं बघितलं. "बसलेली?"

"तू आधी जा."

"बॉडी बसलेली असते का, दीप्ती?"

पण तो गेला. माझ्याशी वाद घालण्यापेक्षा मढं बघणं सोपं, हे त्याला लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच कळलं होतं. पाऊण तासानं परत आला तो गुडघ्यापर्यंत चिखलात, आणि केसांत गवत. "चिमणाबाई म्हणून आहेत," तो म्हणाला. "पलीकडून म्हशीला गवत आणतात. मला म्हणाल्या, पावणं, आलाईसा तर भारा उचला. गोठ्यापर्यंत पोचवून आलो."

माफी मागायला दुसऱ्या दिवशी मी तलावाच्या काठावर निघाले. इथंच आण्णा फेसासकट आडवे आले, ते मघाशी सांगितलंच.

चिमणाबाई पासष्टीच्या, विळ्यासारख्या वाकलेल्या आणि विळ्यासारख्याच धारदार. माझ्या पावलांचा आवाज आला तशी मान न वळवताच म्हणाल्या, "तू व्हय ती, नवऱ्याला मढं बघाय लावणारी?"

"चुकलं, मावशी."

"बस."

"कुठं?"

"काईलीत. आनि कुटं, माझ्या डोसक्यावर?"

मी बसले. ते का बसले, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पाणी शांत होतं, इतकंच आठवतं.

आता माझ्या शिक्षणाबद्दल. मी फिजिक्सची बी.एस्सी. आहे. क्रिया आणि प्रतिक्रियेचा नियम मला पाठ होता. काईलीला तो पाठ नव्हता. काईलीला पुढचं टोक नाही, मागचं टोक नाही. हातातली फळी उजवीकडं मारली की ती डावीकडं जात नाही, ती जागच्या जागी फिरते. डावीकडं मारली की उलटी फिरते. मी दोन्ही बाजूंना सारखं बल लावलं, तर ती थांबली आणि मग विचार करून पुन्हा फिरली. तलाव, डोंगर, जेलची भिंत, आमची कॉलनी, पुन्हा तलाव. कितव्या तरी फेरीला मी डोळे मिटले.

"शाळा किती शिकलीस?" चिमणाबाईंनी विचारलं.

"पंधरा वर्षं."

"मग पंधरा फेऱ्या पुऱ्या झाल्या की सांग. मग मी शिकवते."

शिकवलं त्यांनी. फळी बाजूला मारायची नाही, समोर टाकायची आणि पाणी पोटाशी ओढायचं, परातीतलं पीठ आपल्याकडं ओढतो तसं. "पान्याला हाणू नगंस," त्या म्हणाल्या. "बोलीव त्याला आपल्याकडं." आणि खरंच, बोलावलं की पाणी यायचं, आणि त्याच्याबरोबर पलीकडचा काठही हळूहळू यायचा.

त्या मागं बसून फळी चालवायच्या, मला पुढं बसवायच्या. माझ्याकडून एकच अपेक्षा होती. "सांगत ऱ्हा. काय दिसतंय ते बोलत ऱ्हा. गप बसलं की फळी जड हुती."

मला काय, तेवढंच हवं होतं. घरी मी "श्रुतीच्या कानामागं लाल दिसतंय" म्हटलं की प्रसेनजीत पेपर चार बोटं वर धरायचा. सासरे, म्हणजे बाबासोमामा, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर, ते नुसतं "होईल बरं" म्हणून श्रुतीला मांडीवर टिंग टिंग करत डुलवायचे. माझं बघणं कुणाला नकोच होतं. आणि इथं एक बाई चक्क म्हणत होती, बोल. मग मी बोलायची. डावीकडं पाणकोंबडी, समोर बाभळीचं खोड अर्धं बुडालेलं, उजवीकडं शेवाळ, काठावर दोन दगड, त्यातल्या मोठ्या दगडावर बगळा. चिमणाबाई हुं हुं करायच्या आणि काईल खोडाला वळसा घालून अलगद जायची. ऊन पडलं की पत्र्याला गुळाचा वास सुटायचा. दहा वर्षं त्या काईलीत रस उकळला नव्हता, पण वास गेला नव्हता. मुंग्या अलीकडच्या काठावर चढायच्या, पलीकडं उतरायच्या. "त्यास्नी तिकीट न्हाय," चिमणाबाई म्हणायच्या.

दिवाळीपर्यंत कॉलनीला सगळं कळलं. आण्णा ट्रकच्या टायरची ट्यूब घेऊन आले. "ऐकणार नसालच, तर निदान सुरक्षितपणे बुडा." ती ट्यूब कमरेला घालून मी काईलीत बसले तर माझे हात पाण्यापर्यंत पोचेनात. चिमणाबाईंनी हातानं चाचपून ट्यूब बघितली. "हे बरं हाय. तू बुडणार बी न्हाईस नि वल्हवणार बी न्हाईस." त्याच दिवशी ट्यूब काठावरच्या पोरांना पोहायला मिळाली.

मग काठावर एक खाकी शर्टवाला उगवला आणि ओरडला, "ओ बाई! परवानगी हाय का?"

चिमणाबाईंना आयुष्यात कुणी हे विचारलं नव्हतं. विचारलं असेल तर त्यांनी ऐकलं नव्हतं. पण मी बी.एस्सी. झालेली, नियम म्हटला की मला घाम फुटतो. मी घरी येऊन अर्ज लिहायला बसले.

बाबासोमामांनी चष्मा वर केला. "पान्यावर जायला अर्ज? आपल्या मान्सांनी पान्यासाठी अर्ज केला न्हवता, पोरी. सरळ जाऊन ओंजळ भरलीती."

"मामा, तो सत्याग्रह होता. ते वेगळं होतं."

"व्हय. ते अवघड हुतं." आणि ते पुन्हा श्रुतीला टिंग टिंग करायला लागले.

मला आतून थोडी लाज वाटली, पण अर्ज मी दिलाच. ज्या ऑफिसात दिला त्याचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या क्लार्कनं मला चहा पाजला होता.

"बोट कुठल्या कंपनीची?" त्यानं विचारलं.

"बोट नाही, काईल आहे."

"गुळाची?"

"रिकामी."

त्यानं पेन खाली ठेवलं. "ताई, काईल हे भांडं झालं. बोटीला परवानगी लागती. भांड्याला न्हाय लागत."

"मग झालं तर."

"झालं कसं? तलावात भांडी धुवायला बंदी हाय. बोर्ड लावलाय."

"आम्ही धूत नाही. आत बसतो."

"पण भांड्याचा तळ पान्याला लागतो की न्हाय? मग धुतलं गेलं की ते."

तीन हेलपाटे झाले. शेवटी टाइप केलेलं पत्र आलं, ते मी अजून जपून ठेवलं आहे. संदर्भीय अर्जातील वस्तू ही होडी नसून भांडे असल्याने नौकानयनाचा प्रश्न उद्भवत नाही. तथापि सदर भांडे तलावात धुऊ नये. चिमणाबाईंना मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, "लई हुशार हायती. म्हशीचं बी लिवून आन की."

जानेवारी आला. पाणी गरम आणि हवा गार, त्यामुळे पहाटे तलावातून वाफ निघायची. काईल धुक्यात शिरली की खाली पाणी आहे हेही खोटं वाटायचं. आम्ही दोघी एका पांढऱ्या झोपेत बसलो आहोत आणि ती झोप श्रुतीची आहे, असं मला एकदा वाटून गेलं.

त्या दिवशी पलीकडच्या मळ्यात कुणीतरी डिझेल इंजिन सुरू केलं होतं. त्याच्या धडधडीत जेलचा टोला ऐकू आला नाही. चिमणाबाईंची फळी थांबली.

"कुटं हाय आपुन?"

"मलाही दिसत नाही, मावशी. धुकं आहे."

आम्ही थांबलो. काईल आपल्या आपण हळूहळू फिरत राहिली. मग एकाएकी ऊन आलं. धुकं पदर उचलावा तसं वर गेलं आणि काठ दिसला, बाभळी दिसल्या, बाभळीवरचं घरटंसुद्धा दिसलं. ऊन थेट चिमणाबाईंच्या तोंडावर पडलं होतं. त्यांनी पापणीही हलवली नाही.

"अजून धुकं हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

मागचे तीन महिने मला आठवायला लागले. पावलांवरून ओळखणं. हातानं ट्यूब चाचपणं. पत्र दोनदा वाचायला लावणं. मी! जी मुलीच्या अंगावरचा डास भिंतीवरच्या सावलीवरून ओळखते, त्या मला समोर बसलेल्या बाईचे डोळे दिसले नव्हते.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांना कळलं मला कळलं ते. "दोन वरसं. आदी कडा गेल्या, मग मधलं. टोल्यावर जाते मी. टोला पाटीशी ठेवायचा नि जायाचं. पर खोडं आडवी येत्यात." मग म्हणाल्या, "म्हणून तर तुला घेतली. हात काय, हात माझं बी हायती. डोळं पायजे हुतं."

म्हणजे माझं बोलणं कुणाला आवडत नव्हतं. मी नोकरीवर होते. बिनपगारी. आण्णांचा फेस मला स्पष्ट आठवला, आणि त्या क्षणी इतका राग आला की उतरून चालत जावं असं वाटलं; पण खाली पंधरा फूट पाणी होतं, आणि मला पोहता येत नाही हे मी इतके दिवस स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.

"मोतीबिंदू असेल. ऑपरेशन होतं हो," मी म्हटलं.

"लेकाला कळंल."

"कळू दे की!"

"त्याची कबनूरला खोली हाय. दिसरात यंत्रमागाचा खडखडाट. म्हस इकायची नि मी थितं भिताडाकडं बघत बसायचं." फळी पुन्हा पाण्यात गेली. "भिताडाकडं बघाय डोळं कशाला लागत्यात? शपत घे. कुणाला सांगायचं न्हाय. पोरीची शपत."

"पोरीची नको!" मी दचकून म्हटलं. "बी.एस्सी.ची घेते."

"ती कोन?"

"माझं शिक्षण."

"बरं. घे तिची."

मी घेतली, आणि तेव्हापासून साडेचारला उठून दोन माणसांची काळजी करायला लागले.

उन्हाळ्यात तलाव मागं सरला. रोज थोडा थोडा, पाहुणा निघायच्या आधी सतरंजीच्या कडेला सरकतो तसा. काईल चिखलातून ओढताना माझी एक चप्पल गेली, मग दुसरीही सोडून दिली. मोठी खोडं पाण्याबाहेर आली. आम्ही वैशाखात भर तलावात अशा जागा पाहिल्या, जिथं कुणाच्या तरी जुन्या बांधाचे दगड ओळीनं बसले होते. म्हणजे मी पाहिल्या. चिमणाबाईंनी ऐकल्या. वैशाख पौर्णिमेला मी खिरीचा डबा नेला, तर त्यांनी अर्धी म्हशीला घातली आणि म्हैस जास्त खूष झाली असं मला सांगितलं.

मग जुलै. पाणी चढलं, तलाव भरला आणि सांडव्यावरून पडायला लागला. आमच्याकडं हा सोहळा असतो. लोक पहाटेपासून छत्र्या घेऊन तलावाच्या बांधाच्या भिंतीवर येतात, कणसं खातात, "औंदा लौकर भरला" असं एकमेकांना सांगतात. मी चिमणाबाईंना बजावलं होतं, पाणी उतरेपर्यंत जायचं नाही. म्हशीनं त्यांना काय बजावलं होतं कोण जाणे.

श्रुतीला त्या रात्री ताप होता. पहाटे तिचं अंग जरा निवलं तेव्हा मी गच्चीवर गेले. काईल पाण्यावर होती. एकटी चिमणाबाई. आणि काईल काठाकडं येत नव्हती. ती सांडव्याकडं चालली होती, अगदी सावकाश, जशी रोज जाते तशीच सुंदर.

सांडव्याच्या आवाजात टोला बुडाला असणार हे मला जिन्यातच कळलं. श्रुतीला मामांच्या मांडीवर टाकलं आणि मी धावले. अंगावर गाऊन, खांद्यावर श्रुतीचा लंगोट, पाय अनवाणी. भिंतीवर अर्धी कॉलनी उभी.

"चिमणाबाई! डावीकडं! डावं!"

काईल फिरली. फिरणाऱ्या भांड्यात, ज्या बाईला दिसत नाही तिला, डावं म्हणजे कुठलं? माझी पंधरा वर्षांची शाळा तिथं संपली. उरलं होतं ते एकच, मी सांडव्यापासून लांब, भिंतीच्या दुसऱ्या टोकाला पळाले आणि ओरडले, "मी इकडं आहे! माझ्याकडं बोलवा पाणी!" आणि मग बोलत राहिले. थांबले तर दिशा जाईल. पण काय बोलायचं? जे दिसेल ते. तेच तर मला येत होतं.

"इथं आण्णा आहेत! त्यांच्या छत्रीची काडी मोडली आहे! बनियन उलटं घातलंय! शेजारी स्नेहलवहिनी आहेत, आज त्यांचा उपवास आहे, त्या कणीस खातायत! तिखट लावून! त्यांच्या मिस्टरांनी केस काळे केलेत, पावसानं कॉलरवर उतरलेत! खालच्या लाइनीतले सर आहेत, घरी सिगारेट सोडली म्हणून सांगितलंय त्यांनी, हातात आहे!"

माणसं माझ्यापासून दूर सरकत होती. मला पर्वा नव्हती. काईल सांडव्याच्या तोंडाशी एक क्षण अडखळली. मग तिच्यातली वाकलेली आकृती माझ्या आवाजाकडं तोंड करून बसली आणि फळी पुढं पडली. एकदा. पुन्हा एकदा. मी कॉलनीतली एकूण एक गोष्ट जाहीर केली. कुणाच्या दारात कुणाची कुंडी आहे तेही सांगितलं. आवाज फाटला तेव्हा काईल भिंतीच्या दगडाला ठण्णकन लागली.

मी कडी धरली. चिमणाबाईंनी जमलेल्या लोकांच्या दिशेनं मान वर केली आणि खणखणीत म्हणाल्या, "एवडं वराडाय काय झालं? मी काय भैरी हाय?"

सगळे हसले. मी शपथ घेतली होती, म्हणून मीही हसले.

कॉलनीनं निकाल दिला की बाळंतपणानंतर काही जणींना होतं असं. स्नेहलवहिनी महिनाभर बोलल्या नाहीत. आण्णांनी छत्री दुरुस्त केली, पण माझ्यासमोर उघडली नाही. प्रसेनजीतनं मात्र त्या दिवसापासून मी बोलताना पेपर खाली ठेवायला सुरुवात केली, बहुधा भीतीनं.

ऑगस्टमध्ये त्याची बदली गडहिंग्लजला झाली. निघायच्या आधी मी चिमणाबाईंसाठी डोळे शोधत होते. आण्णांना विचारलं तर त्यांनी गुडघे दाखवले. बाकी कुणाला विचारावं तर कारण सांगावं लागणार. निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी माझं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. त्याआधी त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. "नाक मोटं हाय तुजं," त्या म्हणाल्या. "आवाजावरनं वाटलं न्हवतं."

याला आता दीड वर्ष झालं. त्यांच्याकडं फोन नाही, पत्र लिहिलं तर ते कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागेल. गेल्या महिन्यात मी कोल्हापूरला मुक्काम करून पहाटे कळंब्याला गेले. गोठ्यात म्हैस होती, पण काठावर काईल नव्हती. समोर धुकं. मी तासभर बोलत उभी राहिले. उत्तर आलं नाही. पण इंजिन चालू होतं, तेव्हा आलं असेल तरी मला ऐकू आलं नसेल. मग सातच्या एस.टी.ची वेळ झाली आणि मला यावं लागलं, कारण श्रुती घरी वाट बघत होती.

म्हणून हे लिहिलं. तुम्ही कोल्हापुरात असाल, पहाटे फिरायला जात असाल, तर एकदा कळंब्याकडं जा. कबनूरला कुणी ओळखीचं असेल तर त्यांच्यापाशी यातलं काही बोलू नका. तलावाच्या काठावर उभे राहा. हात हलवू नका, त्याचा उपयोग नाही. मोठ्यानं हाक मारा. धुक्यातून शिवी आली, तर ती जशीच्या तशी मला गडहिंग्लजला कळवा. आणि नाही आली, तर लगेच घरी जाऊ नका. थोडा वेळ थांबा, आणि काय दिसतंय ते सांगत राहा.